जाकडावरचं इंजिन

मामाजी,

समोर टेबलावर भोकं पाडायचं विजेचं मशीन ठेवलं आहे आणि मी सकाळपासून त्याच्याकडे बघत बसले आहे. माझ्या नातवाने, म्हणजे तुमच्या पणतूने, काल अकोल्याच्या जठारपेठेतल्या दुकानातून ते आणलं. त्याला लोखंडी खिडक्या-दरवाजे बसवायचा स्वतःचा धंदा टाकायचा आहे, नोकरी सोडून बसलाय. दुकानदाराने त्याच्यापुढे तीन मशिनं ठेवली. एक परदेशी, नुसता भाव ऐकून हात मागे घ्यावा असं. एक इतकं स्वस्त की दुकानदारच त्याच्याबद्दल बोलायला तयार नव्हता. आणि तिसरं हे, मधल्या भावाचं, कुठल्या तरी कंपनीचं. तिचं नाव त्याने ऐकलं होतं, पण वापरलेलं कुणी भेटलं नव्हतं. दुकानदार ओळखीचा, म्हणाला दोन दिवस वापरून बघ, नाही पटलं तर परत आण. घरी येऊन पोराने ते माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "आजी, तू सांग. ठेवू का वापस करू?" घरात सगळ्यांचा समज आहे की आजीला मशीनमधलं कळतं. हा समज कुठून सुरू झाला ते तुम्हाला आणि मलाच ठाऊक आहे. त्याला म्हटलं उद्या सांगते. 

तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, आणि मी आज पहिल्यांदा तुमच्याशी सरळ बोलते आहे. कागदावर का होईना. तुम्ही हयात असताना मी तुमच्यापुढे डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही आणि तुम्हाला उद्देशून एक वाक्यही बोलले नाही. सुनेने सासऱ्याशी बोलायचं नाही, ही आपल्याकडची रीत. ज्या घरात सासू असते तिथे ती मध्ये असते, तिच्या तोंडून इकडचं तिकडे होतं. आपल्या घरात माझ्या सासूबाई, आत्याबाई, माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. तुमचा मुलगा पहाटे भाजी घेऊन शेजाऱ्याच्या गाडीने अकोल्याला जायचा तो दुपार कलल्यावर यायचा. तोवर बाळापूरच्या त्या मळ्यात तुम्ही आणि मी, दोघंच, आणि दोघांच्या तोंडाला कुलूप. मग आपण मध्ये सरजाला घेतलं. मी तुमच्यासमोर येऊन गोठ्याकडे तोंड करायची आणि बैलाला म्हणायची, "सरज्या, भाकर झाली म्हना." तुम्ही मोटेच्या धावेवरून उतरत बैलाच्या मानेवर हात ठेवून म्हणायचे, "सरज्या, तिले म्हना येतो. अन् कालच्यावानी मिरची नोको म्हना, जीव गेल्ता माहा." मी पदराआड हसायची. तुम्हीही हसत असाल, पण तुमच्या मिशांमुळे ते कधी नीट कळलं नाही.

ते दिवस दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरचे, अजून सीपी-बेरारचंच राज्य होतं. वांगी, कोबी, कडेला झेंडू आणि शेवंती, सगळं त्या एका विहिरीवर. तुम्ही मोट हाकायचे. दिवसभर बैल धावेच्या उतारावरून खाली न्यायचे, वजन पडावं म्हणून स्वतः मोटेच्या दोरावर, नाड्यावर बसायचं, धक्का सोसायचा, मग बैलांना मागे रेटत वर आणायचं, पुन्हा खाली. त्या धक्क्यांनी तुमचा अंतर्गळ वाढला. तुम्ही कमरेला फडकं आवळून बांधायचे आणि कुणाला काही सांगायचे नाहीत, पण ती फडकी मीच धूत होते ना. एका दुपारी तुम्ही धावेच्या मधोमध पोट धरून खाली बसलात, चेहरा राखेसारखा झाला, आणि बैल नाड्याला ताण देऊन तसेच उभे राहिले, एक पाऊल हलले नाहीत. तुमच्या मुलाने तुम्हाला अकोल्याच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी सांगितलं, मोट बंद करा. एक दिवस आतडं अडकलं तर बाळापूरहून इथवर पोचणार नाही. परत आल्यावर तुम्ही सरजाला सांगितलं, "डाक्टर म्हनते मोट बंद. मंग वांग्याले पानी का डाक्टर देईन?" दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पुन्हा धावेवर. चुलीपाशी बसून मी मोटेच्या चाकाची कुरकुर ऐकत राहायची. ती थांबली की माझा हात पिठातच थांबायचा, आणि पुन्हा सुरू झाली की मग भाकरी थापायची.

इंजिनाचा विषय तुमच्या मुलाने काढला. तुम्ही आठ दिवस ऐकून न ऐकल्यासारखं केलंत आणि मग एका सकाळी स्वतःच धोतर बदलून त्याच्याबरोबर अकोल्याला गेलात. परत आल्यावर त्याने मला सगळं सांगितलं आणि आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. दुकानात तीन इंजिनं होती. विलायती एक, त्याच्यापुढे तुम्ही उभेसुद्धा राहिला नाहीत. एक बंद पडलेल्या कापसाच्या जिनातून आणलेलं, जुनं, रंग फासलेलं. म्हातारा बैल खपवायला त्याचे दात घासतात, तसं त्याला बघून तुम्ही म्हणालात, "याचे दात घासले हायेत." आणि तिसरं मधल्या भावाचं, आपल्याच देशातल्या कारखान्यात झालेलं, पाटीवर नाव होतं पण ते वाचून दुकानातल्या कुणाचाही चेहरा उजळत नव्हता. त्याच्याभोवती तुम्ही बैलाभोवती फिरावं तसे फिरलात. मागे गेलात, पुढे आलात, पाठीवर थाप मारलीत. चालू करायला लावलंत. बैलाला ताप आहे का हे कानाला हात लावून बघतात, तसा तुम्ही त्याच्या बेअरिंगवर तळहात ठेवून किती तरी वेळ उभे राहिलात. मग म्हणालात, "बैल घेतो तवा आमी त्याले घरी नेऊन कामाले जुतून पाह्यतो. हे बी तसंच द्या." दुकानदार तयार झाला. पुढच्या बाजारापर्यंत जाकडावर, पसंत पडलं तर ठेवायचं, नाही तर परत. त्याच बाजारात बैल विकून इंजिनाचे पैसे चुकते करायचे असं ठरलं. घरी आल्यावर तुम्ही मात्र हसत नव्हता. ओसरीवर बसून सरजाला बराच वेळ खाजवत होता.

मलाही तुम्ही असंच पाहून आणलं होतं. हिवरखेडला आमच्या घरी आलात तेव्हा पोहे बाजूला सारून तुम्ही माझ्या बापाला म्हणालात, पोरीले इहिरीतून एक बादली काढू द्या. मी बादली काढली, आणि तुम्ही पोहे ओढून घेतलेत. आमचं घर ना श्रीमंत ना गरीब, मीही मधल्याच भावाची. म्हणून असेल, पण ते इंजिन गाडीतून उतरलं तेव्हा मला त्याची जरा कीवच आली.

मधल्या भावाच्या वस्तूची धास्ती वेगळी असते, मामाजी. महाग वस्तू घेतली की माणूस निर्धास्त झोपतो. स्वस्त घेतली की ती मोडणार हे धरूनच चालतो. मधलीचं काही सांगता येत नाही. कारखानदाराने कुठे तरी हात आखडलेला असणारच, तो नेमका कुठे आखडलाय हे शोधत बसावं लागतं. आपल्या इंजिनाचा रंग पहिल्याच दिवशी बोटाला लागला. पाटी तिरकी बसवलेली होती. चालवायचं हँडल असं की हाताला फोड यावा. दुकानाचा मिस्त्री विहिरीत पाइप सोडून, पंप जोडून, तेल कधी घालायचं ते सांगून गेला. आणि मग ते चालू झालं. मोट ओतायच्या थारोळ्यात पाणी असं आलं की तुम्ही एक पाऊल मागे सरकलात. सकाळच्या सकाळी वांगी भिजली, कोबी भिजला, झेंडूलाही उरलं. मोटेने याला दिवस लागायचा. मी चुलीपाशी त्याची डगडग ऐकत होते आणि मला वाटत होतं, आता हे थांबलं तरी माझा हात थांबायला नको.

पण थांबलं. दुसऱ्याच दिवशी, ऊन डोक्यावर येता येता, त्याचा आवाज हलका झाला. ओझं उतरलेल्या बैलासारखं ते धावायला लागलं आणि पाइपातून पाणी तुटक तुटक, थुंकल्यासारखं यायला लागलं. मग नुसता वारा. तुम्ही ते बंद केलंत, अंगावर ओलं पोतं टाकलंत, बेअरिंगला हात लावून बघितलंत. बेअरिंग गरम नव्हतं. दुपार कलल्यावर पुन्हा सुरू केलं तर छान चाललं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, चौथ्या दिवशीही. तुम्ही सरजाला म्हणालात, "मधल्या भावाचं हाय, मधातच दमून राह्यलं." संध्याकाळी तुमच्या मुलाने विचारलं, कसं चाललंय? तुम्ही म्हणालात, बरं हाय. मी आत भांडी घासत होते, ते ऐकून माझ्या हातातून तपेली पडली. तुम्ही का सांगितलं नाहीत ते मला समजत होतं. सांगितलं असतं तर इंजिन परत गेलं असतं आणि तुम्ही धावेवर. न सांगावं तर बैल विकले जाणार आणि मग इंजिन खरंच गेलं तर मळा वाळणार. दोन्ही बाजूंनी तुमच्याच पोटावर येत होतं, आणि तुम्ही बाजाराचा दिवस जवळ येताना नुसते बघत बसला होता.

त्या दिवसांत मी आणखी एक पाहिलं होतं. दुपारी प्यायचं पाणी काढताना माझा दोर पुरत नव्हता. बादलीचा दोर नेहमी जिथे हाताशी यायचा तिथे येईना, मला काठावरून वाकावं लागायचं. पहिल्या दिवशी वाटलं मीच दोर आखूड बांधला. दुसऱ्या दिवशी वाकून बघितलं तर आतला एक दगडी टप्पा उघडा पडलेला, लग्न झाल्यापासून कधी न दिसलेला. पण लगेच मनात आलं, मी काय सांगणार? मिस्त्री येऊन गेला, तुम्ही इतक्या वर्षांचे मोटकरी, आणि मी पदराआडून दोराचं सांगणार? मी गप्प बसले. रात्री झोप येईना, सकाळी वाटायचं आज सांगू, मग तुम्ही इंजिनाशेजारी उकिडवे बसलेले दिसायचे आणि मी बादली घेऊन आत वळायची.

बाजाराचा दिवस उजाडतो. तुमचा मुलगा त्या दिवशी अकोल्याला जात नाही, सरजा आणि त्याच्या जोडीच्या चांद्याच्या शिंगांना तेल लावून त्यांना बाजारात नेतो. तुम्ही त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही, इंजिनाच्या दांडीशी खटपट करत राहता. मी दोघांना भाकरीचा तुकडा देते. मग इंजिन सुरू होतं, ऊन चढतं, आणि मी भाकरी टाकून दारात येऊन उभी राहते, कारण मला माहीत आहे आता काय होणार आहे. आवाज हलका होतो. पाणी थुंकतं. वारा. तुम्ही इंजिन बंद करता आणि मळ्यात एकदम इतकं शांत होतं की दूर रस्त्यावरची गाडी ऐकू येते. तुम्ही कुणाकडेही न बघता म्हणता, "गेले बैल बी, अन् गेलं हे बी." मग कमरेचं फडकं सोडून पुन्हा करकचून आवळता, खुंटीवरची वाळलेली चामड्याची मोट खाली ओढून हौदात भिजत टाकता, पायात जोडा घालता. मला कळतं. तुम्ही भर उन्हात बाजाराकडे पळत निघणार, बैल विकायच्या आत परत आणणार, आणि उद्यापासून नाड्यावर बसणार.

मला सांगायचं होतं आणि मध्ये कुणी नव्हतं. सरजा बाजारात होता. गोठा रिकामा. तुम्ही पायवाटेला लागलात. मी धावत इंजिनाजवळ आले, पदर दातात धरला, तुमच्याकडे पाठ केली आणि मोठ्याने म्हणाले, "इंजिना, तू नाई दमला म्हना! इहिरीतच पानी नाई म्हना!"

तुम्ही थांबलात. मला दिसत नव्हतं, पण जोड्यांचा आवाज थांबला. मी इंजिनालाच सांगत राहिले, की माझा दोर पुरत नाही, आतला टप्पा उघडा पडला, मोट चालायची तेव्हा बैल खाली-वर करीपर्यंत, दुपारची वैरण खाईपर्यंत झरे भरून यायचे, आणि हा दम न घेता ओढतो, झऱ्यांनी तरी किती पुरवावं. बोलता बोलता मला रडू आलं. जोडे विहिरीकडे गेले. तुम्ही काठावर वाकलात आणि बराच वेळ तसेच राहिलात. मोट हाकताना तुम्हाला विहिरीत बघायची गरजच पडत नव्हती, मोट भरून आली की पाणी आहे. इंजिन आलं आणि तुम्ही आजारी बैलापाशी बसावं तसे त्याच्यापाशी बसलात, त्याच्या अंगालाच हात लावत राहिलात. मोटकऱ्याशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली असती असं मला वाटत नाही. तुम्ही परत आलात, इंजिनाच्या त्या तिरक्या पाटीवर हात ठेवलात आणि म्हणालात, "काहून रे, सांगता नाई आलं तुले? उगाच बदनाम झाला न बावा."  आणि मग हळू आवाजात, पण मला ऐकू येईल असं विचारलंत, "मंग तू चांगला हायेस का? ठेवू तुले?"

मी म्हणाले, "चांगला हाय म्हना. ठेवा म्हना."

तुम्ही जोडे काढून सावलीत बसलात. दुपार कलली, विहिरीत पाणी चढलं, इंजिन सुरू झालं आणि अंधार पडेपर्यंत चाललं. तुमचा मुलगा आला तो चांद्याला विकून. सरजाला मात्र हातात दोर धरून परत आणलेलं, दात गेलेला बैल म्हणून कुणी भावच केला नाही. मी त्याच्या गळ्यात पडून रडले. तुम्ही म्हणालात, बरं झालं, एक तोंड घरात ऱ्हायलं. पुढे सरजा म्हातारा होऊन गेल्यावर इंजिनच मध्ये आलं. "इंजिना, च्या ठेव म्हना." "इंजिना, पोरगा झोपला म्हना, जरा हळू." बाहेरून आलेले पाहुणे आपल्याकडे बघत राहायचे.

ते चांगलं निघालं का? खरं सांगायचं तर मधलंच निघालं. थंडीत सुरू व्हायला रडायचं, रिंगा दोनदा बदलाव्या लागल्या, हँडलने तुमच्या मुलाचा अंगठा सोलला. पण कारखानदाराने हात आखडला होता तो रंगात, पाटीत, हँडलात. आतल्या लोखंडात नाही. हे मात्र आपल्याला किती तरी वर्षांनी कळलं, आणि तोवर प्रत्येक उन्हाळ्यात मी त्याचा आवाज ऐकत जीव मुठीत धरून राहिले. तुम्ही पुन्हा कधी नाड्यावर बसला नाहीत. नातवाला खांद्यावर घेऊन मळाभर फिरलात. शेवटी साध्या तापाने गेलात, घरी, खाटेवर. त्या दिवसांत तुम्ही माझ्याकडे बघायचे, मग इकडे तिकडे बघायचे. खोलीत ना सरजा होता ना इंजिन. मी पाणी पाजायची आणि निघून जायची. तुम्हाला काय म्हणायचं होतं ते राहूनच गेलं, आणि मला म्हणायचं होतं तेही.

काल संध्याकाळी पोराने हे मशीन चालवून बघितलं तर ते भिंतीत मध्येच कण्हायला लागलं. तो लगेच म्हणाला, "बोगस हाय, वापस करतो." मी म्हटलं, आधी वर बघ. बल्ब पिवळा पडला होता, करंटच कमी होता. आज सकाळी त्याने त्याच भिंतीत चार भोकं पाडली, मी मशीनच्या पाठीवर तळहात ठेवून बघितला. कोमट होतं, गरम नव्हतं. मूठ हलकी आहे, वायर आखूड आहे. आत काय आहे ते मला दिसत नाही. संध्याकाळी मी त्याला म्हणेन, चांगलं आहे, ठेव. तो माझ्यावर भरवसा ठेवेल, आणि मी पुन्हा कान लावून बसेन.

हा कागद मी कुठे पाठवणार, मामाजी? पेटीत लुगड्याच्या घडीत ठेवीन. पण लिहूनही एक गोष्ट तुमच्याशी सरळ बोलवत नाही, पेन तिथेच अडतं. दार लोटून घेतलं आहे, पदर डोक्यावर घेतला आहे, आणि ती मी समोरच्या या मशीनलाच सांगते. मशीनबाई, मामाजीले सांग म्हना. त्या दिवशी इहिरीचं मले समजलं होतं, पन इंजिन चांगलं हाय का वाईट, ते मले काहीच समजत नव्हतं. तुमी मोटेवर जाऊ नोका, एवढंच मले पायजे होतं.